कोटावरचे अकरा रफू

आमच्या गल्लीत तिला सगळे रफूताई म्हणतात. सगळे म्हणजे एक माणूस सोडून सगळे. त्या माणसाबद्दल पुढे सांगतेच.

छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. हुशार मुलं पाहिली, धीट मुलं पाहिली, काही तर माझ्याहून शहाणी निघाली. पण 'ही आमच्या घरात राहते' असं जिच्याबद्दल मी मान वर करून सांगते, ती माझी विद्यार्थिनी नव्हे, भाडेकरू आहे. वय एक्केचाळीस. अंगानं बारीक, बोलणं मोजकं, आणि डाव्या तर्जनीला सुई टोचून टोचून पडलेला घट्टा. गल्लीच्या तोंडाशी लाँड्री आहे, तिच्या खिडकीपाशी रफूताईचं टेबल असतं.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे ती नव्या गिऱ्हाइकाला आधी सांगते. ठिगळ वरून लावतात. रफू करताना त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा ओढून काढायचा आणि लांब बारीक सुईनं फाटलेल्या जागी वीण पुन्हा विणायची; एक धागा वर, एक खाली, कापड मुळात मागावर विणलं होतं तशी. काम झालं की ती कपडा गिऱ्हाइकापुढे पसरते आणि म्हणते, "सापडलं तर सांगा." गिऱ्हाईक कपडा उजेडात धरतं, उलटा करतं, नखानं चाचपतं आणि शेवटी हसून घडी घालतं. ती आल्यापासून एकालाही सापडलेलं नव्हतं.

माझ्या घराचा वरचा मजला म्हणजे समोरासमोर दोन खोल्या आणि मधे एक सामाईक स्वयंपाकघर. एका खोलीत ती आली तेव्हा दुसऱ्या खोलीत आधीपासूनच एक गृहस्थ राहत होते. अठ्ठेचाळीस वर्षांचे, एका साप्ताहिकाच्या छापखान्यात छपाईआधी मजकुरातल्या चुका तपासणारे. मी त्यांचं नाव कानामात्रा ठेवलं होतं. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते कळलंच. "जोडाक्षर नाही दिलंत हे उपकार," असं म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं.

कानामात्रांच्या घरात एक गोष्ट घडून गेली होती. ती त्यांनी मला एकदाच, जिन्यात उभ्या उभ्या सांगितली. सहा वर्षांपूर्वी बायको घर सोडून गेली. पुढे तिनं दुसरं लग्न केलं हे त्यांना कळलं ते स्वतःच्या टेबलावर आलेल्या मजकुरातून. नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या रकान्यात तिची जाहिरात होती, आणि जुन्या नावातलं ह्यांचं आडनाव चुकून ऱ्हस्व पडलं होतं.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"दीर्घ केलं. समासात खूण केली आणि कागद पुढे पाठवला. चूक ती चूक, बाई."

त्यानंतर हा माणूस कुणाशी फारसा बोलत नसे. रफूताईही बोलत नसे. तिनं खोलीला आतून एक जादा कडी बसवून घेतली होती. मी कारण विचारलं नाही. पहिले तीन महिने वरच्या मजल्यावर फक्त वस्तूंबद्दल बोलणं व्हायचं. "गॅस संपत आलाय." "नळाला पाणी आहे, भरून घ्या." एवढंच.

मग एक दिवस तिनं दाराला चिठ्ठी अडकवली: 'आज दुध नको.' संध्याकाळी ती परत आली तर चिठ्ठीवर लाल पेन्सिलीनं 'दु' खोडून 'दू' केलेला. तिनं तीच चिठ्ठी उलटी केली, मागे लिहिलं, 'दुध आलं का? नाही ना? मग कळलं की त्याला,' आणि ती कानामात्रांच्या चहाच्या डब्याखाली ठेवली. सकाळी कानामात्रा ती चिठ्ठी घेऊन खाली माझ्याकडे आले. तक्रार करायला आले असतील असं मला वाटलं. पण गृहस्थ हसत होते. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या स्वेटरच्या कोपराचं भोक नाहीसं झालं. दोन दिवस शोधून ते पुन्हा खाली आले. "बाई, जरा बघता? हे स्वेटर माझंच आहे ना?"

आता तो गल्लीतला एक माणूस. लाँड्रीवाले काका, दूधवाला, शेजारपाजारच्या बायका, झाडून सगळे तिला ताई म्हणत. एकटे कानामात्रा म्हणत नसत. ते 'तुम्ही'वर भागवत. हाक मारायची वेळ आली तर खोकत. माझ्यासारख्या जुन्या मास्तरणीच्या हे ध्यानात येणार नाही तर कुणाच्या येणार? तीही त्यांना नुसतं "अहो" म्हणे. अर्थात अहो आपण रिक्षावाल्यालाही म्हणतो.

लाँड्रीत तिला वर्ष झालं तेव्हा कानामात्रांनी तिला न सांगता एक गोष्ट केली. स्वतःच्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यातली दोन ओळींची जागा घेतली आणि तिथे छापलं: 'कोट, शाल, लोकरी कपडे यांना रफू करून मिळेल. सापडलं तर सांगा.' खाली लाँड्रीचा पत्ता. छापण्याआधी कागद मला दाखवला.

"दुसरं वाक्य ठेवू ना, बाई? ते त्यांचं आहे. त्यात त्या दिसतात."

"अगदी दिसते," मी म्हणाले. म्हणजे पुढे जे झालं त्यात अर्धा वाटा माझा.

अंक आला त्या दिवशी त्यांनी तो बरोबर त्या जागी दुमडून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. तिनं वाचलं. "छान आहे," म्हणाली, आणि हातातला धुतलेलाच पेला पुन्हा धुतला. लाजली असेल असं आम्हा दोघांनाही वाटलं. माणसं ओळखण्यात माझा हातखंडा आहे असं मी समजत होते. त्या दिवशी मी सपशेल नापास झाले.

सहाव्या दिवशी लाँड्रीत एक कोट आला. चांगला लोकरी, करड्या रंगाचा, अंगभर बारीक नागमोडी रेघांच्या विणीचा. हमालासारख्या दिसणाऱ्या माणसानं तो काकांच्या हाती दिला आणि म्हणाला, "साहेब शनिवारी पाच वाजता स्वतः न्यायला येतील." उजव्या खिशावर सव्वा इंच लांबीची चीर होती. काकांनी कोट रफूताईच्या टेबलावर ठेवला. तिनं चिरेवरून बोट फिरवलं, मग डावी बाही उलटी केली, मग पाठ. आणि डोकं दुखतंय म्हणून कोट घेऊनच घरी आली.

दुपारी मी वर गेले तेव्हा ती बॅग भरत होती.

"कुठे निघालीस ग?"

"माहीत नाही, बाई. बसस्टँडवर ठरवीन." मग हात न थांबवता म्हणाली, "त्याला माझा पत्ता कुणी दिला? ह्यांनीच ना?" समोरच्या बंद खोलीकडे तिनं मान उडवली. "तेवढं सांगा. मग मी जाते."

मी पलंगावर बसले. जाणारीला 'बस' म्हणून उपयोग नसतो, आपण बसायचं असतं. थोड्या वेळानं तीही बसली आणि वर्षभर जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मला तिनं एका बैठकीत सांगितलं.

कोट तिच्या नवऱ्याचा होता. मोठ्या हुद्द्याचा माणूस, समाजात वजन, आवाज कधी चढायचा नाही. लग्न ठरताना मुलीला रफू येतो हे ऐकून त्याला फार कौतुक वाटलं होतं. लग्नानंतर एक दिवस त्यानं तिच्यासमोर दाढीच्या ब्लेडनं स्वतःचा कोट कापला. सव्वा इंच, सरळ. "संध्याकाळपर्यंत कर," म्हणाला. संध्याकाळी खिडकीशी बसून भिंग घेऊन तो रफू शोधायला लागला. सापडला नाही तर आठवड्याभरात दुसरी चीर. सापडला तर शांतपणे म्हणायचा, "सापडलं." मग कोठीच्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत ती आणि बाहेरून कुलूप.

"म्हणजे ते वाक्य..."

"त्याचं आहे, बाई. घर सोडलं तेव्हा ठरवलं, हा शब्द मला आयुष्यभर भेडसावणार. त्यापेक्षा मीच रोज म्हणते. चार लोकांत, हसत. म्हणून म्हणून बोथट करते." तिनं बॅगेकडे पाहिलं. "तसा झाला होता बोथट."

नऊ वर्षांत असे अकरा रफू त्या कोटावर झाले. एकदा तिचा भाऊ आला, तेव्हा तिनं धीर करून सगळं सांगितलं. नवऱ्यानं हसत हसत तोच कोट भावापुढे टाकला: "दाखवा बरं, कुठे कापलाय?" भावानं तासभर पाहिलं. एक चीर दिसेल तर शपथ. जाताना भाऊ म्हणाला, "ताई, तू जरा विश्रांती घे. तुला भास होतात."

"माझ्याच हातानं मला खोटं पाडलं," ती म्हणाली. "थोडा वाईट रफू करता आला असता तर भावाला दिसलं असतं. पण हात ऐकत नाही हो."

घर सोडल्यावर दोन गावं झाली होती. एका ठिकाणी तो दारात येऊन हळूच "चल" म्हणाला होता, आणि ती मागच्या दारानं पळाली होती. दुसऱ्या ठिकाणी त्याचं पत्र येताच तिनं गाव सोडलं. हे तिसरं गाव.

एवढ्यात कानामात्रा जिना चढून वर आले. उघडी बॅग पाहून दारातच थांबले. तिनं साप्ताहिकाचा अंक त्यांच्यापुढे धरला.

"हे वाक्य तुम्हाला कुणी घालायला सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग का घातलंत?"

"तुम्ही रोज म्हणता. मला ते..." कानामात्रा खोकले. "मला ते आवडतं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. माणूस खोटं बोलतोय का हे बघायची तिची रीत रफू तपासायचीच होती. डोळे बारीक, मान तिरकी. मग तिनं तीन वाक्यांत त्यांना सगळं सांगितलं. ऐकून कानामात्रा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.

"बावीस वर्षांत माझ्या हातून छापील चूक सुटली नाही," ते म्हणाले. "आणि ही मी स्वतः घातली." मग मान वर करून, अगदी गंभीरपणे, "पुढच्या अंकात चूकदुरुस्ती छापतो."

"काय छापणार? 'सदर बाई येथे राहत नाही'?"

आणि ती हसली. असं मोठ्यानं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसून तिनं बॅगेचं झाकण बंद केलं. पण बॅग पलंगाखाली सारली नाही, दाराशी ठेवली. शनिवारला चार दिवस होते.

त्या चार दिवसांत तिनं जायचं की राहायचं हा एकच प्रश्न आमच्या घरात होता, आणि त्यावर सल्ल्यांचा पूर आला. लाँड्रीवाल्या काकांना मी जरुरीपुरतं सांगितलं होतं. ते म्हणाले, "ताई, कोट तसाच परत करू. सांगतो, इथे रफू होत नाही, जाहिरात चुकून छापली. माझ्या लाँड्रीची अब्रू गेली तरी चालेल. तशी ती फार उरली आहे असं नाही."

कानामात्रांचा विचार वेगळा होता. "त्याला खात्री करायची आहे. रफू इतका चांगला दिसला की तुम्हीच, हे त्याला कळणार. मग वाईट करा. मुद्दाम चुका ठेवा."

"मला येणार नाही."

"प्रयत्न करून बघा."

तिनं टेबलावरची पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "तुम्ही 'दूध' लिहा. ऱ्हस्व."

कानामात्रांनी कागद ओढला. 'द' लिहिला. हात थांबला. मी डोळ्यांनी पाहिलंय, त्या माणसाच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"नाही जमत," ते म्हणाले.

"मग!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे चहाला आली. कोट बरोबर होता. तो तिनं मांडीवर उलटा घेतला, डाव्या बाहीवर एका जागी सुईचं टोक टेकवलं आणि एक धागा उचलला.

"काय करतेस ग?"

"उसवतेय, बाई."

"काय?"

"माझं काम. काल विचार करत होते की नवी चीर चांगली बुजवू की वाईट बुजवू. मग वाटलं, बुजवायची कशाला? मी बुजवते म्हणून तर ते दिसत नाही. जेवढं ह्या कोटावर माझं आहे तेवढं काढून घेते. त्याचं त्याला ठेवते."

वर्गात एखादं पोर असं उत्तर देतं की ते आपल्या पुस्तकात नसतं, पण ते बरोबर आहे हे आपल्याला तत्क्षणी कळतं. तेव्हा बाईंनी मधे बोलायचं नसतं.

रफू करायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट तो उसवायला लागतो. घाई केली तर भोवतालचं कापड विस्कटतं, मग चीर कुणी पाडली हे सांगता येत नाही. एकेक धागा सुईनं उचलून, मोकळा करून ती चिमट्यानं ओढी. चिरेच्या दोन्ही कडा पुन्हा जशाच्या तशा उघड्या पडत. सरळ, स्वच्छ, सव्वा इंच. एका बशीत करड्या धाग्यांचा पुंजका साठत गेला. शुक्रवार दुपारपर्यंत दहा झाले. अकरावा मात्र काही केल्या मिळेना.

"पाठीवर आहे, हे आठवतंय. पाठीवर कुठे, ते नाही." तिनं कोट खिडकीत धरला, जमिनीवर पसरला, डोळे मिटून बोटांनी चाचपला. "बाई, मला माझाच सापडत नाही!" हे सांगताना ती रडकुंडीला आली होती आणि तिला अभिमानही वाटत होता. एका चेहऱ्यावर हे दोन्ही एकदम मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

कानामात्रांनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती. ते म्हणाले, "मी बघू?"

त्यांनी खोलीतून पुठ्ठ्याची पट्टी आणली. छापखान्यात ते तसंच वाचतात. ओळीखाली पट्टी धरायची आणि मजकूर उलटा, शेवटाकडून वाचायचा. म्हणजे अर्थ डोळ्यांना फसवत नाही, नुसती अक्षरं दिसतात. तसा त्यांनी तो कोट वाचायला घेतला. खालच्या काठापासून वर, नागमोडी रेघांची एकेक ओळ. चहा झाला, तो निवला. ती समोर बसून त्यांच्या बोटांकडे बघत होती. खांद्याच्या खाली चार बोटांवर पट्टी थांबली.

"इथे एक रेघ एका धाग्यानं सरकली आहे," ते म्हणाले. आणि मग, सवयीनं, चूक हाती लागल्यावर माणूस म्हणतो तसं, "सापडलं."

म्हणून गेले, आणि आपण काय बोललो हे कळून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पट्टी हातातून सुटली. मला वाटलं, आता ही उठून आत जाणार आणि दोन्ही कड्या लावून घेणार.

ती उठली नाही. कोट ओढून तिनं त्या जागी डोळा लावला. "खरंच हो. त्या दिवशी हात कापत होता माझा." मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "पुन्हा म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते."

"सापडलं," कानामात्रा म्हणाले. इतक्या हळू, की मला ते ओठांवरूनच कळलं.

तिनं मान हलवली आणि सुई उचलली.

शनिवारी पाचच्या आधीच मी लाँड्रीत जाऊन बसले. निमित्त म्हणून दोन स्वच्छ चादरी नेल्या होत्या. काकांनी त्या न विचारता 'धुवायला' घेतल्या. कानामात्रा भिंतीवरचा दरांचा फलक वाचत उभे होते आणि 'इस्तरी' ह्या शब्दावर त्यांची नजर पुन्हा पुन्हा अडखळत होती. दोन बायका कपडे न्यायला आल्या होत्या. रफूताई आपल्या टेबलाशी, पाठ ताठ, कोट घडी करून पुढ्यात.

तो आला. देखणा माणूस, बूट चकाकणारे, सगळ्यांना हसून नमस्कार. तिच्याकडे बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही, आनंदही झाला नाही. हरवलेली छत्री मिळाल्यावर माणूस जितपत खूश होतो, तितपत दिसला.

"झालं का काम?" त्यानं विचारलं.

"झालं," ती म्हणाली आणि कोट उचलून काकांच्या मोठ्या टेबलावर, दिव्याखाली पसरला. दोन्ही बाह्या उघडल्या. मग तो पालथा करून पाठ दाखवली.

तो वाकला. खिशातल्या भिंगाकडे गेलेला हात तिथेच राहिला. भिंगाची गरज नव्हती.

"हे काय? एकाच ठिकाणी फाटला होता."

"बारा ठिकाणी," ती म्हणाली. "बारावी चीर तुम्ही कोट इथे पाठवताना पाडलीत. अकरा जागी माझं काम होतं, ते मी काढून घेतलं."

काकांनी कोटाची बाही हातात घेतली, चिरेत बोट घातलं, दुसऱ्या चिरेत घातलं. "साहेब," ते म्हणाले, "तीस वर्षं लोकांचे कपडे बघतोय. कसर खाते ती वाकडी खाते. खिळा ओढतो तो कोपऱ्यात ओढतो. उंदराचं तर विचारूच नका. इतकं सरळ आणि एका मापाचं फक्त ब्लेड कापतं. आणि ब्लेड आपण होऊन चालत नाही."

तो हसला. "माझी पत्नी आहे ही. हिची तब्येत बरी नसते. हिला भास होतात."

"मग ते आज सगळ्यांनाच होतायत," मी म्हणाले. "मोजा हो कुणीतरी."

कपडे न्यायला आलेल्या बायकांपैकी एक पुढे झाली. जाडजूड, पदर खोचलेली. तिचं नाव मला आजही माहीत नाही. तिनं मोठ्यानं मोजलं, एकेका चिरेत बोट खुपसून. "एक. दोन. तीन." सात झाल्यावर तिनं एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे मोजलं. बारा होईपर्यंत दुकानाच्या दाराशी आणखी चार माणसं जमली होती.

त्याचा आवाज तेव्हाही चढला नाही. तो तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "चल. घरी जाऊन बोलू."

हाच तो 'चल'. मी तिच्या पायांकडे पाहिलं. एक टाच उचलली गेली होती, खोटं कशाला सांगू; ती तिनं पुन्हा खाली टेकवली. कानामात्रा फलकापासून एक पाऊल पुढे आले आणि थांबले; मधे पडायचं नाही एवढं त्यांना कळत होतं.

"घरी मी सहाला जाते," ती म्हणाली. "दुकान बंद झाल्यावर. इथेच आहे, गल्लीत."

तो आणखी क्षणभर उभा राहिला. मग वळला आणि दाराशी जमलेल्यांतून वाट काढत निघून गेला. चकाकणाऱ्या बुटांतली पावलं भराभर पडत होती.

"साहेब, कोट!" काका ओरडले. तो फिरला नाही.

ती टेबलाच्या कडेला धरून खाली बसली. कुणी पाणी दिलं, कुणी पंखा लावला. मोजणाऱ्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. रंग परत आल्यावर ती म्हणाली, "अहो, कोट घ्या. पोलीस स्टेशनला जाऊ. आजच. उद्या कुणाला हे दिसेल, न दिसेल."

तिच्या त्या 'अहो'ला दुकानातल्या कुणीही मान वर केली नाही, कारण कुणाला उद्देशून आहे ते सगळ्यांना कळलं होतं. कानामात्रांनी कोट घडी केला, चिरा वर येतील असा.

चौकीत एक तरुण महिला अधिकारी होत्या. त्यांनी कोट टेबलावर पसरून घेतला, पट्टी मागवून प्रत्येक चीर मोजली, आणि रफूताई सांगत होती ते मधे न तोडता लिहून घेतलं. सांगताना ती एकदाही आमच्याकडे वळली नाही. कोठीची खोली, कुलूप, भाऊ, दोन गावं, सगळं तारखांसकट. मी छत्तीस वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या. इतकं नेटकं सांगणं मी कुणाचं ऐकलं नाही. मी त्या बाकावर अशी बसले होते की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, ही हिची आई असणार.

मग अधिकाऱ्यांनी एक छापील कागद पुढे केला. "हे तुम्ही स्वतः भरा. सध्याचा पत्ता इथे. कायमचा पत्ता खाली. माहेरचा असेल तर तो लिहा."

तिनं सध्याचा पत्ता लिहिला. खालच्या ओळीवर पेन नेलं आणि तोच पत्ता, घर क्रमांकासकट, वरच्या मजल्यासकट, पुन्हा लिहिला. अक्षर मुळीच हललं नाही.

"सोबत राहणाऱ्या व्यक्ती आणि त्यांच्याशी नातं," अधिकारी म्हणाल्या. "तोही रकाना भरा."

तिनं आधी मला लिहिलं. नात्यापुढे 'बाई' असं लिहिलं, आणि ते नातं नाही असं कुणीही म्हणालं नाही. दुसऱ्या ओळीत कानामात्रांचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनाव दीर्घ. पुढच्या चौकोनापाशी पेन थांबलं. कानामात्रा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर एकाग्रतेनं वाचत होते. गेल्या महिन्याचं पान होतं, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"हे नंतर भरलं तर चालेल?" तिनं विचारलं.

अधिकाऱ्यांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा कॅलेंडरकडे पाहिलं.

"चालेल की," त्या म्हणाल्या. "सही करा."